दाजींचा डोळा आणि सरकता सूर्य

अमळनेरहून सुरतेकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये गोधडीत गुंडाळलेली लांबलचक नळी घेऊन बसलं की लोक आधी विचारतात, "बंदूक शे का?" नाही म्हटलं की विचारतात, "मंग बोरिंगना पाइप?" दुर्बीण आहे म्हटल्यावर मात्र सगळे जरा सरकून तिला जागा देतात, माणसाला देत नाहीत. या प्रवासातली एवढीच गोष्ट मला हसत सांगता येते. त्र्याहत्तर सालच्या कार्तिक पौर्णिमेला लागून मी सुरतेत चार दिवस काढले. त्यांतले दोन माझ्या छातीवरून अजून उतरलेले नाहीत.

मी का गेलो ते आधी सांगतो, कारण खोटेपणा तिथूनच सुरू झाला. माझी थोरली बहीण सुमनअक्का कतारगामला राहते. तिचे यजमान, आमचे दाजी, पंधरा वर्षांपासून यंत्रमागावर आहेत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजव्याचं ऑपरेशन नवरात्राच्या आधी झालं. उजवा पुरता बरा होईपर्यंत डॉक्टर डाव्याला हात लावत नव्हते आणि त्यातून दाजींना उजेड-अंधार एवढंच कळत होतं. उजव्यासाठी नुकताच जाड भिंगाचा चष्मा मिळाला होता. कारखान्याचे शेठ म्हणाले होते, सोमवारी ये, तुटलेला धागा जोडून दाखव, जमलं तर माग परत देतो. त्याआधी रविवारी डॉक्टरांना दाखवायचं होतं. अक्काने येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर निरोप धाडला की भाऊ, तू मास्तर आहेस, शिकलेला आहेस, डॉक्टरांशी नीट बोलशील, ये.

त्याच सुमारास सुरतेच्या मराठी मंडळाचे चिटणीस आपटे यांचंही बोलावणं होतं. शनिवारी बुध ग्रह सूर्यबिंबावरून जाणार होता. मंडळाच्या शाळेच्या गच्चीवर तो दाखवायचा आणि आदल्या संध्याकाळी दुर्बिणींवर बोलायचं. अक्काला मी म्हणालो, तुझ्यासाठी येतोय. आपट्यांना कळवलं, तुमच्यासाठी येतोय. कोणासाठी निघालो होतो, ते गोधडीत गुंडाळलेलं होतं.

कतारगाम

स्टेशनवरून कतारगामला पोचेपर्यंत दिवाळी संपली आहे असं वाटत नाही. दुकानांच्या उंबऱ्यांवर अजून रांगोळ्या, आणि ओळखदेख नसलेला रिक्षावालाही "साल मुबारक" म्हणतो. आपल्याकडे पाडव्यानंतर चार दिवसांत माणसं कामाला लागतात. इथे माग लाभपंचमीपर्यंत गप्प असतात आणि मग एकदम सगळे मिळून बोलू लागतात. अक्काच्या खोलीत बसलं की खालच्या कारखान्याची खटखट जमिनीतून मांडीत शिरते. खाली जिन्याच्या भिंतीवर अडुसष्टच्या पुराची रेघ आहे, माझ्या खांद्याएवढी. अक्काने तिच्यावरच खुंटी ठोकून पिशवी अडकवली आहे.

जेवायला कळण्याची, ज्वारी-उडदाची, भाकरी आणि ठेचा होता, अगदी घरच्यासारखा. पण त्याआधी दाजींनी कागदाच्या पुडीतून पोंक काढला. आपला हुरडा तसा हा पोंक, कोवळ्या ज्वारीचाच. फक्त आपण तो शेतात शेकोटीभोवती बसून, हात काळे करत खातो आणि सुरतकर तो बाजारातून आणून, लिंबू-मिऱ्याची शेव घालून, बशीत खातात.

"कसा शे?" दाजींनी विचारलं.

"गोड आहे. पण राख नाही लागली हाताला."

"आते राख बी घर पोचाडाले सांगू का दुकानवालाले?"

दाजी असे. नव्या चष्म्यातून त्यांचा उजवा डोळा बशीएवढा दिसत होता. अंतराचा अंदाज येत नसल्यामुळे तांब्या धरायला पुढे केलेला हात वीतभर अलीकडेच मिटायचा. जिना उतरताना अक्का त्यांच्या पुढे उभी राहायची. ऑपरेशनपासून पांढरं कापड निळं दिसतं, कोणी जास्त नीळ घातल्यासारखं, असं त्यांनी मला कौतुकाने सांगितलं. मी ते लक्षात ठेवलं. मला ते व्याख्यानात वापरायचं होतं.

शाळेचा हॉल

शुक्रवारी संध्याकाळी हॉल भरला होता. पुढे बँकेतली, शाळेतली, सरकारी कचेऱ्यांतली मंडळी. मागे दाजींबरोबर आलेले आमचे खानदेशी कामगार, उभे. आपट्यांनी त्यांना बसायला सांगितलं तरी ते उभेच राहिले.

जमिनीवरच्या दुर्बिणीची अडचण हवा आहे, असं मी म्हणालो. तारा लुकलुकतो तो स्वतः नव्हे. हवेचे गार-ऊन थर हलतात म्हणून त्याचा प्रकाश डोळ्यापर्यंत येताना थरथरतो. दुर्बीण मोठी केली की ही थरथरही मोठी होते. शिवाय हवा काही किरणं खाली येऊच देत नाही. जांभळ्याच्या पलीकडची बहुतेक सगळी ती वरच अडवते, आणि उष्णतेची पुष्कळशी तिच्यातली वाफ शोषून घेते. ढग, धूर, गावाचे दिवे हे वेगळंच. आणखी म्हणजे पृथ्वी फिरत असते, म्हणून धरलेला तारा दोन मिनिटांत नळीतून निसटतो. सतत पाठलाग करावा लागतो. अवकाशात पाठवलेल्या दुर्बिणीला यातलं काही नाही. तिच्या वर हवा नाही, तिचं स्वतःचं वजन तिच्या आरशाला वाकवत नाही. तिच्यातली यंत्रं तिला एकाच ताऱ्यावर तासन्‌तास खिळवून धरतात, आणि अडवली जाणारी किरणं तिला थेट मिळतात. अमेरिकेने अशा दुर्बिणी वर फिरत्या ठेवल्या आहेत. अशा दुर्बिणीला डोळा लावायला कोणी नसतं. जे दिसतं ते ती रेडिओने खाली कळवते.

मागून दाजींचा आवाज आला, "मंग तिनी काच पुसस कोण?"

हॉल हसला. मीही हसलो, पण प्रश्न बरोबर होता. कोणी नाही, मी म्हणालो. तेच तिचं दुखणं आहे. जमिनीवरच्या दुर्बिणीचा खिळा ढिला झाला तर आपण शिडी लावतो. वर गेलेली पहिली मोठी दुर्बीण काही दिवसांत बॅटरीपायी मुकी झाली, आणि तिच्यापर्यंत कोणालाच जाता आलं नाही. म्हणून खालच्या दुर्बिणी मोठ्या होत राहतील आणि वरच्या लहान असूनही वेगळं पाहतील, दोन्ही लागतात.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मागे उभ्या माणसांना सगळं पोचलं नाही असं मला वाटलं, आणि टाळीची हावही होती. मी म्हणालो, "हे बघा, जमिनीवरची दुर्बीण म्हणजे मोतीबिंदू झालेला डोळा आणि अवकाशातली म्हणजे मोतीबिंदू काढलेला. आमच्या दाजींना ऑपरेशनपासून निळं जास्त दिसतं. त्यांचा उजवा डोळा आता अवकाशात गेलाय. तुमच्या-माझ्या डोळ्याला जे झेपत नाही, ते त्याला दिसतं!"

सगळ्या माना मागे वळल्या. टाळ्या पडल्या. भिंतीला टेकलेले दाजी ताठ उभे राहिले आणि त्यांनी चष्मा नीट बसवला. घरी जाताना बरोबरचे लोक त्यांना "काय अवकाश, वरतून घर दखास का?" म्हणून चिडवत होते आणि दाजींना ते आवडत होतं.

गच्ची

शनिवारी दुपारी एकच्या आधीच आम्ही गच्चीवर दुर्बीण मांडली. सूर्याकडे दुर्बिणीतून पाहायचं नसतं. क्षणभरही नाही, डोळ्याच्या आतला पडदा जळतो, आणि तो जळताना दुखतसुद्धा नाही. म्हणून नळीच्या मागे हातभर अंतरावर स्टुलावर पांढरा पुठ्ठा उभा करून त्यावर सूर्याची प्रतिमा पाडायची. हे मी जमलेल्यांना दोनदा सांगितलं. दाजी तेव्हा अक्काने दिलेला पाण्याचा माठ जिन्यावरून चढवून घेण्यात होते. त्यांना वेगळं सांगायला हवं, हे माझ्या मनात आलं आणि गेलं.

सव्वा वाजून गेल्यावर सूर्याच्या कडेला एक बारीक खाच पडली. मग तिचा सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका झाला. दाजी वाकले, पुठ्ठ्यावर फुंकर मारली, मग बोटाने झटकलं.

"रुई बठनी शे वरतून."

"रुई नाही दाजी, ग्रह आहे तो."

"एवढासा?"

पलीकडच्या गिरणीच्या पत्र्यांवरून ऊन हवा उठत होती. सूर्याची कड उतू जाणाऱ्या दुधासारखी हलत होती आणि मधूनच चिमणीचा धूर प्रतिमेवरून जात होता. काल जे तोंडाने सांगितलं ते आज पुठ्ठ्यावर दिसत होतं, म्हणून मी खुशीत होतो. दाजींना काही काम द्यावं म्हणून मी त्यांना पुठ्ठ्यापाशी बसवलं. सूर्याचं बिंब सरकत कडेला आलं की हाक मारायची, मी येऊन नळी हलवीन. त्यांनी ते काम मनापासून केलं. "सरकना, मास्तर!" सरकला, अशी हाक यायची, मी जायचो, बिंब पुन्हा मधोमध.

तीनच्या सुमारास आपट्यांनी बँकेतले काही साहेब आणले. मी कठड्यापाशी त्यांना अवकाशातल्या दुर्बिणीचं सांगत होतो. त्यांच्यातला एक गुजराती गृहस्थ फार चांगले प्रश्न विचारत होता.

"सरकना, मास्तर!"

मी बोलत राहिलो.

"मास्तर, सरकना ना!"

मी मागे न बघता हात वर केला. "थांबा हो दाजी, एक मिनिट."

तिसरी हाकही आली असावी. नक्की सांगता येत नाही, कारण मी ऐकत नव्हतो. मग हाका थांबल्या, आणि त्या थांबल्या म्हणूनच मी वळलो.

दाजी नळीच्या मागे वाकले होते. डाव्या हातात चष्मा होता. उजव्या हाताने ते नळी हळूहळू हलवत होते. उजवा डोळा भिंगाला लावलेला होता.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. दाजी दचकून मागे झाले, स्टूल पडलं. मी त्यांचे खांदे धरले.

"काय दिसलं? दाजी, काय दिसलं?"

"निळंपांढरं चमकनं एकदम." त्यांनी डोळा चोळला. मी त्यांचा हात खाली ओढला. "आते मधमा काळं दखास. जाई ते, घाबरू नको."

"का पाहिलंत? कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तूच ना. मना डोळा अवकाशना शे, बाकीसले झेपत नही ते त्याले झेपस, आसं काल समदासमोर बोलना ना तू?"

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मी दिलेली गोष्ट ते मला परत दाखवत होते.

पुढचं लिहायला मला सगळ्यात जड जातंय. मी कार्यक्रम बंद केला नाही. दाजींना जिन्याच्या सावलीत बसवलं, ओला रुमाल दिला. आपटे जवळ येऊन हळूच म्हणाले, "मास्तर, साहेब लोक खास आलेत हं. आता वाट बघायला लावू नका." मी पुन्हा पुठ्ठा उभा केला. बराच वेळ मी लोकांना तो ठिपका दाखवत, बोलत राहिलो, आणि माझा आवाज नेहमीसारखाच येत होता. मधूनमधून जिन्याकडे पाहायचो. दाजी रुमाल डोळ्यावर धरून बसले होते. आता बिंब सरकलं की हाक मारायला कोणी नव्हतं. माझं मीच पाहत होतो.

तापीकाठ

बुध पुरता बाहेर पडायच्या आतच सूर्य मावळला. त्याच वेळी समोर पौर्णिमेचा चंद्र वर आला. आम्ही दोघे नदीच्या बाजूने चालत निघालो. दुर्बीण माझ्या खांद्यावर, दाजींचा हात माझ्या कोपरात. घाटाच्या पायऱ्यांवर बायका दिवे लावत होत्या. आपल्याकडे ही त्रिपुरी पौर्णिमा, इथे देवदिवाळी. वाती तशाच, तेलाचा वास तसाच.

डोळ्याचा पडदा जळला असेल तर ते काही तासांनी उमजतं, मधोमध एक डाग बसतो आणि तो जात नाही, एवढं मला पुस्तकातून माहीत होतं. मी दाजींना थांबवलं.

"चंद्राकडे बघा. मध्ये काही डाग दिसतो का?"

दाजींनी चष्म्यातून नीट पाहिलं. "दिसस ना."

मी दुर्बीण खांद्यावरून खाली टेकवली. "कसा?"

"चांदवर डाग तं ऱ्हातसच ना, मास्तर. तू शिकाडस ना पोरेसले?"

ते हसले. मला हसता आलं नाही. दिव्याकडे पाहा म्हणालो, पाटीवरचं अक्षर पाहा म्हणालो. त्यांना वाचता येत नाही, हे मी त्या घाईत विसरलो होतो. थोडं चालून दाजी म्हणाले, "सुमनले सांगू नको आज. दिवा लावी ऱ्हायनी व्हई."

मी सांगितलं नाही. त्यात माझीही सोय होती.

रविवार

अक्काला कळलंच. गच्चीवरचं सगळं चाळीत सकाळीच पोचलं होतं. चहा पुढे ठेवून ती म्हणाली, "तू कोनाकरता उना, भाऊ?"

कोणासाठी आलास. एवढंच. मी कप उचलला आणि खाली ठेवला. ती पुढे बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने दाजींचा सदरा काढून दिला आणि आमच्या मागोमाग जिन्यापर्यंत आली.

डॉक्टरांचं घर जुन्या गावात होतं. ओटीवर बाकं, आत काळा पडदा. "आवो, बेसो," डॉक्टर म्हणाले, मग माझं ऐकून घेतलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडत गेल्या.

"तमे मास्तर छो ने?"

मी मान हलवली.

डोळ्यात औषध घालून बाहुली मोठी होईपर्यंत आम्हाला ओटीवर बसवलं. बाजूच्या घरातून खमण वाफवल्याचा वास येत होता आणि दाजींना भूक लागली होती. सोमवारचा धागा, शेठ, अक्काने जिन्यात पुढे उभं राहणं, सगळं त्या मोठ्या होत चाललेल्या काळ्या बाहुलीत जमा होत होतं.

आत नेलं. डॉक्टर छोटा दिवा घेऊन दाजींच्या चेहऱ्याला चेहरा लावून पाहत राहिले. वर बघा, खाली बघा. पडद्याआडच्या अंधारात मला फक्त दोघांचा श्वास ऐकू येत होता. फार वेळ गेला, असं मला वाटलं.

"डाग नथी," ते शेवटी म्हणाले. मग माझ्यासाठी हिंदी-मराठी मिसळून बोलू लागले. "आज तरी जळल्याची खूण नाही. पंधरा दिवसांनी परत आणा. आणि मास्तर, एक ऐका. देवाने डोळ्यात भिंग दिलंय ना, ते जांभळ्याच्या पलीकडची किरणं अडवतं. आम्ही ते भिंगच काढलं, म्हणून याला निळं जास्त दिसतं. हा डोळा मजबूत नाही झाला. याची छत्री गेली."

हवाही तीच किरणं अडवते, हे मी शुक्रवारी हवेचा दोष म्हणून सांगितलं होतं. त्या दोषाखाली आपण सगळे जिवंत आहोत, एवढं एक वाक्य मी बोललो नव्हतो.

"पण दुर्बिणीतून बघूनही वाचला कसा?" डॉक्टरांनी विचारलं. "सूर्य होता का आत?"

मला माहीत नव्हतं. दाजी म्हणाले, "नव्हता. सरकी गयथा ना. मी तं त्याले शोधी ऱ्हायंतू. कड लागनी तोच हाऊ आरडना."

कड लागली तोच हा ओरडला. म्हणजे दाजी हाका मारत होते आणि मी वळलो नाही, तेवढ्या वेळात पृथ्वी फिरली आणि सूर्य नळीबाहेर निघून गेला होता. वरच्या दुर्बिणीसारखं माझ्या दुर्बिणीने त्याला खिळवून धरलं असतं, तर तो दाजींची वाट पाहत तिथेच असता. मी ज्याला खालच्या दुर्बिणीची अडचण म्हणालो होतो, तिने त्यांचा डोळा राखला. मी नाही.

सोमवार

कारखान्यात बोलणं ऐकू येत नाही. सगळं हातवाऱ्यांनी चालतं. शेठने एक माग थांबवला आणि एक धागा तोडला. दाजी वाकले. हात पुढे गेला आणि वीतभर अलीकडेच मिटला. शेठने माझ्याकडे पाहिलं. दाजींनी हात तसाच हवेत ठेवला, मान थोडी तिरकी केली, चष्मा नाकावर सरकवला आणि हात पुन्हा पुढे नेला. या वेळी बोटं धाग्याला लागली. गाठ बसली. शेठने खटका दाबला आणि माग चालू झाला. शेठ पुढच्या मागाकडे गेले, म्हणजे काम मिळालं.

पंधरा दिवसांनी अक्का स्वतः त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डोळा स्वच्छ असल्याचा निरोप तिने धाडला. मला बोलावलं नव्हतं.

पण हे नंतरचं. त्या सोमवारी दुपारी दाजी मला सोडायला स्टेशनवर आले. नको म्हटलं तरी आले, अक्काच्या मागून जिना उतरत. पोंकाची पुडी हातात दिली. "तो ठिपका मी काही नीट दखा नही," म्हणाले. "पुढला टाइमले दखाड. पुठ्ठावर."

मी डब्यात शिरून दुर्बीण बाकाखाली ढकलत होतो. गोधडी एका पत्र्याच्या पेटीत अडकली होती आणि पेटीवाला कुरकुरत होता. गाडीला हिसका बसला. बाहेरून, खिडकीच्या गजांपलीकडून, दाजींची हाक आली, "सरकना, मास्तर! सरकना!"

मी दुर्बीण बाकाखालून अर्धी बाहेर होती तशीच सोडली आणि वळलो.